पश्चिम विभागातला दुसरा नंबर

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो आणि त्याचे मित्र 'फँटसी फुटबॉल' नावाचा एक खेळ खेळतात. (हा फुटबॉल अमेरिकेतला, म्हणजे बराचसा हाताने खेळायचा!) खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापला कागदावरचा संघ निवडायचा, आणि त्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. त्यांचे बारा संघ आहेत, चार-चारचे तीन गट. गटात पहिला येईल तो प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जाणार. आता भांडण असं की एका गटात सगळे तगडे एकत्र आले. तिथे दुसरा आलेला गडी इतर दोन्ही गटांतल्या पहिल्यांपेक्षा जास्त गुण मिळवून घरी बसला. "आत्या, तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास, सांग हे बरोबर आहे का?"

अमेरिकेतल्या खेळाचं मला काय कळणार? पण प्रश्न ओळखीचा वाटला. शाळेत आम्ही प्रत्येक तुकडीत पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस द्यायचो. 'अ' तुकडीतल्या चौथ्याला 'ड' तुकडीतल्या पहिल्यापेक्षा जास्त गुण असायचे, आणि टाळ्या मात्र 'ड'वाल्याला. बक्षीस समारंभानंतर त्या चौथ्याचे वडील शिक्षकांच्या खोलीपाशी येऊन उभे राहायचे. हाच प्रश्न आपल्या रणजी करंडकाला कितीतरी वर्षं छळत होता, आणि त्याचा सर्वांत जास्त चटका बसला तो महाराष्ट्राच्या संघाला.

मुळात गट कशावरून पाडायचे, इथपासूनच सुरुवात करावी लागते. मुंबईत रणजीच्या आधीपासून एक मोठी स्पर्धा होती. १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी. त्यात संघ धर्मावर पाडलेले: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि उरलेल्या सगळ्यांचा 'रेस्ट'. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'रेस्ट'कडून खेळायचे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या, तरी संघ डावाने हरला! गांधीजींनी १९४० मध्येच या वाटणीबद्दल नापसंती सांगितली होती. १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. त्याने धर्माऐवजी नकाशा हाती घेतला. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे विभाग, पुढे त्यात मध्य विभागाची भर पडली. देश एवढा मोठा, प्रवास आगगाडीचा, तेव्हा शेजाऱ्यांनी आधी शेजाऱ्यांशी खेळावं हे सोयीचंच होतं. सुरुवातीला विभागातसुद्धा बाद पद्धत होती: हरला तो गेला. त्याच काळात महाराष्ट्राने लागोपाठ दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, करंडक जिंकला. कर्णधार होते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक, वय तेव्हा अठ्ठेचाळीसच्या आसपास. (आम्हा मास्तर मंडळींना याचा अभिमान वाटला तर वाटू द्या!)

१९५७-५८ पासून नियम बदलला. विभागातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, आणि पहिला येणारा एकच संघ बाद फेरीला जायचा. बाद पद्धतीत एक वाईट दिवस चांगल्या संघाला बुडवतो. साखळीत तसं सहसा होत नाही, बलवान संघ शेवटी वर येतोच. तेव्हा सुधारणा न्यायाचीच होती. पण पश्चिम विभागात कोण होतं ते बघा: मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. पहिल्या वर्षी बडोद्याने करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे १९५८-५९ पासून, मुंबईने तो सलग पंधरा वेळा जिंकला!

मी मरोळची, तेव्हा मुंबईच्या त्या पंधरा करंडकांचं मोल मला कमी करायचं नाही. विभागात चौघांना मागे टाकून पुढे देशभरातल्या विजेत्यांना हरवायचं, हे पंधरा वर्षं करून दाखवणं सोपं नाही. पण त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. मुंबई दरवर्षी पहिली येणार असेल, तर उरलेल्या चौघांसाठी स्पर्धा विभागातच संपली. पाच संघांच्या साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला चार सामने. पुण्याचा एखादा तरुण कितीही चांगला खेळला तरी त्याचा रणजीचा मोसम चार सामन्यांत आटोपायचा. राजस्थान होता मध्य विभागात. त्या विभागातून पुढे येऊन तो १९६०-६१ ते १९६९-७० या दहा मोसमांत सात वेळा मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळला आणि सातही वेळा हरला. राजस्थानचा संघ चांगलाच होता, त्यात शंका नाही. पण देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ दरवर्षी तोच होता का? की तो पश्चिम विभागात दुसरा येऊन घरी बसलेला असायचा? हे ठरवायला त्या नियमात जागाच नव्हती.

मग १९७०-७१ आलं. मी तेव्हा बी.ए.ला होते. घरात सगळ्यांचे कान रेडिओवरच्या वेस्ट इंडीजच्या बातम्यांकडे होते, कारण वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि नवखा गावसकर तिकडे गेले होते. इकडे रणजीचा नियम गुपचूप बदलला होता: प्रत्येक विभागातून एकाऐवजी दोन संघ पुढे जाणार. आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात समोरासमोर कोण आले? मुंबई आणि महाराष्ट्र! दोघेही पश्चिम विभागाचे. आधीच्या नियमाने दोघांतला एक तिथे असणं शक्यच नव्हतं. मुंबईची मोठी नावं परदेशी असल्यामुळे नेतृत्व सुधीर नाईककडे होतं. करंडक मुंबईनेच जिंकला, पण पश्चिमेतल्या एका विभागात देशातले दोन अव्वल संघ असू शकतात हे त्या सामन्याने सिद्ध केलं.

पुढचा योगायोग बघा. १९९२-९३ मध्ये प्रत्येक विभागातून तीन संघ घ्यायचं ठरलं, आणि महाराष्ट्र त्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. तिथे पंजाबने त्याला हरवलं. एका दाखल्यावरून नियम काढू नये असं मी मुलांना सांगायची. इथे दाखले दोन आहेत, आणि तिसराही येतोच आहे.

२००२-०३ मध्ये विभागच मोडीत काढले. वरच्या संघांचा 'एलिट' आणि खालच्यांचा 'प्लेट' असे दोन थर केले. तळाचे खाली उतरणार, खालचे अव्वल वर चढणार. म्हणजे वाटणी भूगोलावरून हलून गुणवत्तेवर आली. पण यातही एक खोच होती. 'प्लेट'मधल्या संघाने काहीही पराक्रम केला तरी त्या वर्षी करंडक त्याला मिळणं शक्य नव्हतं, फक्त बढती. २००८-०९ मध्ये ही खोच काढली. खालच्या थरातल्या दोन संघांना बाद फेरीचं दार उघडलं. दोनच वर्षांनी, २०१०-११ मध्ये, 'प्लेट'मधून आलेल्या राजस्थानने बडोद्याला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. साठच्या दशकात पुन्हा पुन्हा हरलेला तोच हा राजस्थान! त्याचा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. त्याचे वडील हेमंत कानिटकर हे महाराष्ट्राचे यष्टीरक्षक-फलंदाज, मी वर सांगितलेल्या पश्चिम विभागाच्या चक्कीतून गेलेल्या पिढीतले. राजस्थानला चढायची वाट मिळाली आणि दुसऱ्या वर्षी, 'एलिट'मध्ये खेळून, त्याने पुन्हा करंडक जिंकला.

गंमत म्हणजे त्याच जानेवारीत, २०११ मध्ये, भाच्याच्या अमेरिकेतही हाच वाद रंगला होता. तिथल्या फुटबॉलमध्ये सिएटलचा संघ ७ सामने जिंकून आणि ९ हरून आपल्या कमकुवत गटात पहिला आला, आणि १० सामने जिंकलेले दोन संघ प्लेऑफच्या बाहेर राहिले. सिएटलने पुढे ११ सामने जिंकलेल्या न्यू ऑर्लिन्सला घरच्या मैदानावर हरवलंही! म्हणजे कमकुवत गटाचा पहिला नेहमीच कमकुवत असतो असंही नाही.

आता तिसरा दाखला. २०१३-१४ मध्ये सत्तावीस संघ नऊ-नऊच्या तीन गटांत होते. 'अ' आणि 'ब' गटांतून तीन-तीन, 'क' गटातून दोन संघ पुढे. महाराष्ट्र 'क' गटात होता. तिथून पुढे येऊन त्याने उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर, आदल्या वर्षीच्या विजेत्या मुंबईला आठ गडी राखून हरवलं. केदार जाधव आणि जालन्याचा विजय झोल यांनी शेवटचा पाठलाग पुरा केला. अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्राला हरवलं हे खरं. पण पश्चिम विभागातल्या जुन्या साथीदारांकडे बघा: गुजरातने पहिला करंडक २०१६-१७ मध्ये जिंकला, सौराष्ट्राने २०१९-२० मध्ये. दोन्ही विभाग मोडल्यानंतर. मध्य विभागातल्या आपल्या विदर्भाने तर २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन जिंकले.

दार फार रुंद करूनही चालत नाही हे मला मान्य आहे. पाच-सहा संघांतले तीन पुढे जाणार असतील तर आधीच्या सामन्यांना अर्थ काय उरला? सगळेच पास होणार असले की कुणी अभ्यास करत नाही. म्हणून भाच्याला मी लिहिलं ते एवढंच: गटातल्या पहिल्याला त्याचा मान द्या, पण एक-दोन जागा राखून ठेवा, आणि त्या गट न बघता निव्वळ गुणांवर द्या.

नियम करणारे बहुधा विजेत्याकडे बघून नियम करतात. माझ्या मते त्यांनी सर्वांत कठीण गटातल्या दुसऱ्याकडे बघावं. पहिला आपली वाट काढतोच. दुसऱ्याला मात्र कुणीतरी दार उघडून द्यावं लागतं, आणि ते १९५७ ऐवजी १९७० साली उघडलं तर मधली तेरा वर्षं एखाद्याची सगळी उमेदीची वर्षं असतात.