येण्याचे कारण : खाजगी काम

गोंदिया स्टेशनाबाहेर पडून बाजारातल्या कुठल्याही लॉजचा जिना चढा, काउंटरवर आधी गाठ पडते ती लांबुडक्या वहीशी. नाव, वय, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, सोबत कोण, येण्याचे कारण. या शेवटच्या रकान्यात धानाचा व्यापारी, राइस मिलचा फिटर, औषध कंपनीचा एमआर आणि नागझिऱ्याला निघालेलं कुटुंब एकच उत्तर लिहितात : 'खाजगी काम'. मॅनेजर ते वाचतही नाही. पण वही कोऱ्या रकान्यानिशी मिटलेली त्याला चालत नाही, कारण ती मुळात त्याची नाहीच. ती सरकारची आहे.

या वहीचं कूळ शोधत मागे गेलं की १८६७ चा सराई कायदा लागतो. (सराई म्हणजे उतारूंच्या मुक्कामाची जागा; लग्नसराईतली सराई वेगळी, जरी त्याच दिवसांत इथले लॉज तुडुंब असले तरी.) हा कायदा आधी वायव्य प्रांतापुरता होता, इतर प्रांतांना तो लागू करायची मुभा ठेवलेली होती. त्याचं सातवं कलम मुळातून वाचण्यासारखं आहे. सराईत कुणी सांसर्गिक रोगाने आजारी पडला किंवा दगावला, तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. खोल्या, ओसऱ्या, गटारं, विहिरी साफ ठेवा. भिंती, छप्पर, दरवाजे डागडुजी करून ठेवा. मुक्कामी माणसांच्या, त्यांच्या जनावरांच्या आणि गाड्यांच्या राखणीला पुरेसे पहारेकरी नेमा. दरपत्रक लावा. शिवाय मॅजिस्ट्रेटला उतारूंबद्दल लेखी अहवाल मागवण्याचा अधिकार. चुकलात तर दंड वीस रुपयांपर्यंत.

म्हणजे एकाच कलमात सरकारने दोन गोष्टी मागितल्या होत्या. उतारूपासून गावाला धोका असेल तर आम्हाला सांगा, ही एक. आणि उतारूलाच धोका असेल तर त्याला सांभाळा, ही दुसरी. पुढच्या दीडशे वर्षांत पहिली मागणी फोफावत गेली. दुसरीचं काय झालं, ते गोंदियाने पाहिलं आहे.

कायदा झाला तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातलं साधं गाव होतं. १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे इथून गेली, पुढे जबलपूरकडची छोटी लाइन जोडली गेली आणि गाव जंक्शन झालं. जंक्शन आलं की गाडी चुकणं आलं, आणि गाडी चुकली की मुक्काम. मुंबईत प्लेग आल्यावर ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. प्रवाशाला थांबवून तपासण्याचा अधिकार सरकारने त्यात लिहून घेतला. पुण्यात त्या झडत्यांचा शेवट कुठे झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. पुढे १९३९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांची नोंद आली. गोंदियाला उतरून कान्हाला जाणारा गोरा पाहुणा एक रात्र राहिला, तरी चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरावा लागे. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला. कळवण्याचं काम लॉजवाल्याकडेच राहिलं. जिल्ह्याच्या देवरी-सालेकसा भागातल्या नक्षलवादामुळे 'कुठून आलात' या रकान्याला इथे नेहमीच थोडं जास्त वजन होतं.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि तोच १८९७ चा कायदा बाहेर निघाला. नागझिऱ्याचं चोरखमारा गेट बंद, लॉज बंद. ८ जुलैपासून राज्यातले लॉज एक तृतीयांश खोल्यांवर उघडले, पण काउंटरवर आता नवा कागद होता : आधी कुठे फिरलात, तब्येत कशी आहे, लिहून सही करा. १८६७ मध्ये आजाऱ्याची खबर सराईवाल्याने द्यायची होती. आता उतारूनेच स्वतःची द्यायची. धंदा वाचवायला सरकारने त्या वर्षअखेर हॉटेलाला लागणाऱ्या परवान्यांची संख्या सत्तरवरून दहावर आणली. हा निर्णय मला मनापासून आवडतो. त्यासाठी साथ यायची वाट पाहावी लागली, एवढीच खंत.

आता थोडं मागे. २१ डिसेंबर २०१६, गोंदियातली थंडीतली पहाट. भर बाजारपेठेतल्या एका हॉटेलला आग लागली आणि सात माणसं गेली. अशा सकाळी काउंटरवरच्या वहीला प्रथमच खरं काम पडतं. वरच्या मजल्यावर कोण होतं, कोणत्या गावचं, घरी कुणाला कळवायचं? 'खाजगी काम' लिहिणाऱ्याचं गाव तरी तिच्यात सापडतं. धुरात जिना कुठल्या बाजूला, हे विचारणारा रकाना त्या वहीत कधीच नव्हता.

तसं विचारणारा कायदा मात्र होता. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. अंमलात आला डिसेंबर २००८ मध्ये. या आगीच्या आठ वर्षं आधी. इमारतीतली अग्निशमनाची साधनं चालू स्थितीत आहेत, असा परवानाधारक संस्थेचा दाखला मालकाने दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यायचा असतो. त्याला 'बी फॉर्म' म्हणतात. तो अग्निशमन खात्याकडे जातो. उतारूच्या हातात येते ती वही, आणि दोरीने बांधलेलं पेन.