चक्रधर : एका नावाचा माग

आमच्या भंडारा जिल्ह्यात माझ्या पिढीत चक्रधर नावाची माणसे भेटतात. नाव कुठून आले असे विचारले तर बहुतेक जण ‘विष्णूचे नाव’ एवढेच सांगतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘धृ’ म्हणजे धारण करणे, त्यावरून ‘धर’. गदाधर, मुरलीधर, गंगाधर तसाच चक्रधर. मात्र मराठी मुलखात हे नाव रुजले ते तेराव्या शतकातील एका पुरुषामुळे. महानुभाव परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आला आणि तिथे त्याला चक्रधर हे नाव मिळाले.

हेच नाव का? याच परंपरेत द्वारावतीच्या चांगदेव राऊळांना चक्रपाणी म्हणतात. त्यांनी देह ठेवून मृत हरिपाळदेवाच्या शरीरात प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. चक्रपाणी म्हणजे हाती चक्र असलेला, चक्रधर म्हणजे चक्र धारण करणारा. देह बदलला, पण नावाचा अर्थ तोच राहिला. माझ्या मते या नावाचे मर्म इथे आहे. नुसता शब्दकोश पाहून ते हाती लागत नाही.

यात भंडाऱ्याचाही वाटा आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त नीळभट भांडारेकार भेटतो. स्वामींच्या एकाकी भ्रमंतीच्या काळातला हा शिष्य. पैठणला शिष्यपरिवार जमण्याआधीच तो स्वामींमागे निघाला होता. ‘भांडारेकार’ म्हणजे भंडाऱ्याचा. गावाचे नाव त्याहूनही जुने आहे. कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ.स. १११४ च्या रतनपूर शिलालेखात ‘भाणारा’ असा उल्लेख येतो.

स्वामींनी लोकांशी मराठीत संवाद केला, स्त्रियांना आणि सर्व जातींना जवळ केले. पुढे हे नाव इतर प्रांतांतही दिसते. आपल्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडमधील रायगडचे राजे चक्रधरसिंह (१९०५–१९४७) यांनी कथकच्या रायगड घराण्याला आकार दिला. त्यांच्या स्मरणार्थ तिथे गणेशोत्सवात चक्रधर समारोह भरतो. अर्थ एकच असला, तरी तिथे हे नाव दरबारातून आणि नृत्यातून ओळखले जाते, आपल्याकडे पोथीतून आणि पायी फिरणाऱ्या एका संन्याशामुळे.

आता नातवंडांच्या बारशाला हे नाव क्वचितच कानी पडते. नवी नावे ठेवावीत, त्याला हरकत कशाला? पण ज्या घरात आजोबांचे नाव चक्रधर आहे, त्या घरातील मुलांना नीळभटाची गोष्ट तरी सांगावी. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच गावचा एक माणूस घरदार सोडून त्या नावामागे चालत गेला होता, एवढे त्यांना ठाऊक असावे.