डिजिटल मायक्रोस्कोप मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला कसा जोडायचा? आणि त्यावर घेतलेलं माप कधी खरं मानायचं?

चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातली छोटी मशीन शॉप्स मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठासाखळीत अगदी खालच्या टोकाला असतात. अशा शॉपमध्ये क्वालिटीच्या टेबलावर आता एक स्वस्त वस्तू दिसू लागली आहे. जाड मार्कर पेनाएवढी नळी, टोकाला गोलात बसवलेले एलईडी, मागून निघालेली केबल. हाच यूएसबी डिजिटल मायक्रोस्कोप.

सीएनसीच्या इन्सर्टची धार किती घासली, जॉबच्या कडेला बर राहिली का, वेल्ड कापून बघितला तर तो आत किती खोल गेलाय, हे पाहायला तो वापरतात. मोबाईल दुरुस्तीवाले त्याच्याखाली सोल्डरिंग बघतात आणि शाळेतली मुलं मुंगीचं डोकं बघतात. एक-दोन हजार रुपयांपासून तो ऑनलाईन मिळतो.

घरी आणल्यावर अडचणी दोन प्रकारच्या येतात. एक, चित्रच येत नाही. दुसरी, चित्र छान येतं पण त्यावरून घेतलेलं माप चुकीचं निघतं. पहिलीवर लोक तासन्‌तास डोकं खाजवतात, पण पैसे बुडतात ते दुसरीत.

मुळात हा एक वेबकॅम आहे

या नळीत छोटा कॅमेरा सेन्सर, त्यापुढे भिंग आणि उजेडासाठी एलईडी एवढंच असतं. कॉम्प्युटरला ती जोडली की तो तिला वेबकॅम समजतो. यामागे यूव्हीसी नावाचं मानक आहे, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास. या मानकाने चालणाऱ्या कॅमेऱ्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून ही सोय विंडोजमध्ये आहे, मॅक आणि लिनक्समध्येही आहे. त्यामुळे खोक्यात आलेली छोटी सीडी हरवली तरी रडायचं कारण नाही. घेताना वर्णनात 'यूव्हीसी' हा शब्द आहे का, तेवढं बघावं.

विंडोजवर केबल लावायची आणि 'कॅमेरा' ॲप उघडायचं. समोर स्वतःचाच चेहरा दिसला तर घाबरू नका, लॅपटॉपचा आतला कॅमेरा आधी सुरू झालेला असतो. कोपऱ्यातल्या कॅमेरा बदलायच्या चिन्हावर क्लिक केलं की मायक्रोस्कोपचं चित्र येतं. तरीही काळं दिसलं तर सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी'त जाऊन कॅमेऱ्याची परवानगी बंद आहे का ते तपासा. कंपनीच्या लॅपटॉपवर ती बऱ्याचदा बंदच असते. झूम किंवा ब्राउझर मागे चालू असेल आणि त्यानेच कॅमेरा धरून ठेवला असेल, तरी चित्र येत नाही. मॅकवर क्विकटाइम प्लेयरमध्ये 'न्यू मूव्ही रेकॉर्डिंग' उघडून बाणावरून मायक्रोस्कोप निवडायचा. लिनक्सवर चीझ किंवा गुव्हीसीव्ह्यू चालतं.

चित्र येतं-जातं, एलईडी मिणमिणतात असं होत असेल तर संशय हबवर घ्यावा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरपर्यंत करंट मिळतो. त्याच हबवर माउस, पेनड्राईव्ह आणि कीबोर्ड असतील तर मायक्रोस्कोपच्या वाट्याला कमी येतो. थेट लॅपटॉपमध्ये लावून बघा. शॉपमध्ये केबल सतत वाकवली, ओढली जाते, तीही बदलून बघावी.

मोबाईलवर

अँड्रॉइड फोनला जोडायचं तर फोनमध्ये ओटीजी सोय हवी, म्हणजे फोनने बाहेरच्या यूएसबी वस्तूला वीज आणि ओळख दोन्ही द्यायला हवी. ओप्पो, रिअलमी, विवो, वनप्लस यांच्या अनेक फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. 'काल चालत होता, आज चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

फोनचं नेहमीचं कॅमेरा ॲप बाहेरचा कॅमेरा सहसा दाखवत नाही. त्यासाठी प्ले स्टोअरवरून यूएसबी कॅमेरा दाखवणारं ॲप घ्यावं लागतं आणि त्याला कॅमेऱ्याची परवानगी द्यावी लागते. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कधीकधी थेट एपीके फाइल उतरते. तीच फाइल बँकेचं ॲप असलेल्या फोनवर टाकणं हा शहाणपणा नव्हे. स्टोअरवरचं दुसरं कुठलंही यूव्हीसी ॲप तेच काम करतं.

टाइप-सी वाल्या स्वस्त मायक्रोस्कोपची आणखी एक गंमत आहे. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली तर तो मेलेलाच राहतो, पण जुन्या चौकोनी यूएसबीतून लावला की लगेच जिवंत होतो. 'इथे यंत्र जोडलंय' हे फोनला सांगणारा एक छोटासा रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेला असतो. अशा वेळी फोनला आधी ओटीजीचं छोटं कन्व्हर्टर लावून मग जुन्या पद्धतीची केबल जोडावी.

आयफोनचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी यूएसबीच्या मागे न लागता वायफायवाला मायक्रोस्कोप घेणं सोपं. टाइप-सी असलेल्या आयपॅडवर मात्र आयपॅडओएस १७ पासून यूव्हीसी कॅमेरे चालतात. वायफायवाला मायक्रोस्कोप स्वतःचंच नेटवर्क तयार करतो आणि फोन त्याला जोडायचा असतो. तिथे इंटरनेट नसल्यामुळे फोन तक्रार करतो आणि गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो. मोबाईल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा, आणि आयफोनवर ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी द्या.

'१००० पट' म्हणजे किती?

खोक्यावर १००० पट, १६०० पट असं छापलेलं असतं. या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण चित्र किती मोठं दिसणार हे स्क्रीनवर ठरतं. घरीच तपासता येतं. भिंगाखाली स्टीलची पट्टी ठेवा आणि स्क्रीनच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. समजा ७ दिसले. १५.६ इंची लॅपटॉपचा स्क्रीन साधारण ३४५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे वाढ झाली सुमारे ४९ पट. तेच चित्र १५० मिलिमीटर रुंदीच्या आडव्या फोनवर फक्त २१ पट होतं. मायक्रोस्कोप तोच, इन्सर्ट तोच.

दोन मेगापिक्सेलचा दावाही पारखून घ्यावा. १९२० बाय १०८० चं कच्चं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायला जवळपास १०० कोटी बिट्स लागतात, आणि यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटींची. म्हणून चित्र दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवलं जातं, आणि बारीक ओरखडे त्यात पुसट होतात. काही स्वस्त नमुन्यांत सेन्सर ६४० बाय ४८० चाच असतो आणि मोठं चित्र सॉफ्टवेअर फुगवून देतं.

इथे माप चुकतं

टर्निंगच्या इन्सर्टसाठी आयएसओ ३६८५ या मानकात धारेच्या बाजूच्या झिजेची एक मर्यादा दिली आहे. झीज एकसारखी असेल तर सरासरी ०.३ मिलिमीटर. मायक्रोस्कोपवर हे मोजायचं तर एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे आधी ठरवावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेली काचपट्टी, म्हणजे स्टेज मायक्रोमीटर, भिंगाखाली ठेवायची आणि सॉफ्टवेअरला अंतर सांगायचं. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'सेट स्केल' म्हणून हीच सोय आहे.

वरच्याच उदाहरणात ७ मिलिमीटर १९२० पिक्सेलमध्ये मावतात. म्हणजे एक पिक्सेल ३.६५ मायक्रॉनचा, आणि ०.३० मिलिमीटर झीज ८२ पिक्सेलची. आता शॉपमधल्या ऑपरेटरने फोटो व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला पाठवला आणि वाटेत तो १२८० पिक्सेलचा झाला. तीच झीज आता ५५ पिक्सेलची. सुपरवायझरने जुन्याच हिशेबाने मोजली की उत्तर येतं ०.२० मिलिमीटर. बदलायला आलेला इन्सर्ट 'अजून चालेल' ठरतो. मग पुढच्या बॅचचं फिनिश बिघडतं, नाहीतर टिप जॉबमध्येच तुटते, आणि रिजेक्शन पुरवठादाराच्या खात्यावर पडतं.

यावर उपाय अगदी साधे आहेत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो आहे तसा जातो. एचडी पर्यायातही थोडं दाबणं होतंच. त्याहून बरं म्हणजे सॉफ्टवेअरमधून मापाची रेघ फोटोवरच छापून घ्यावी. फोटो लहान झाला तर रेघही त्याच प्रमाणात लहान होते. आणि फोकसचं चाक फिरवलं किंवा स्टँडची उंची बदलली की जुनं कॅलिब्रेशन गेलं. ते पुन्हा करायचं. चाकावर खडूने खूण करून ठेवणं पुरेसं नाही.

स्टँडबरोबर येणारी प्लास्टिकची पट्टी माप म्हणून मान्य होईलच असं नाही. ग्राहकाला कागद दाखवायचा असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून प्रमाणित केलेली काचपट्टी लागते. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये लघुउद्योगांसाठी मोजमाप आणि चाचणीची सोय आहे. वादाचा पीस असेल तर तो तिथे नेऊन तपासणं केव्हाही बरं.

चकचकीत धातूवर एलईडीचे पांढरे ठिपके उमटतात आणि झिजेची कडच दिसत नाही. एलईडी कमी करून टोकाला बटर पेपरचा तुकडा लावला की बराच फरक पडतो. शेजारी पॉवर प्रेस चालू असेल तर फोटो हलणारच, टेबलच बदलावं लागतं.

काय दिसणार नाही

चिंचवडला लागूनच पिंपरी आहे, आणि तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध ज्या जिवाणूपासून मिळवलं, त्याला गावाचंच नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या जातीच्या जिवाणूंचे धागे साधारण एक मायक्रॉन जाडीचे असतात. वरच्या हिशेबात आपला एक पिक्सेलच ३.६५ मायक्रॉनचा, तेव्हा असला धागा नळीच्या यूएसबी मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. 'पाण्यातले जंतू बघा' अशा जाहिरातींना भुलू नये.

जिवाणू बघायचेच असतील तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा मायक्रोस्कोप आणि त्याचं १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह लागतं. त्यालाही फोन किंवा कॉम्प्युटर जोडता येतो. वरचं आयपीस काढून त्याजागी आयपीस कॅमेरा बसवतात. बहुतेक मायक्रोस्कोपच्या नळीचा आतला व्यास २३.२ मिलिमीटर असतो आणि हे कॅमेरे त्याच मापाचे मिळतात. दुसऱ्या टोकाला तीच यूएसबी केबल असते, आणि कॉम्प्युटर त्यालाही वेबकॅमच समजतो.