मेथीचा वाफा आणि जस्ताची राख

आइंडहोवनच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या हद्दीजवळ आम्ही घर घेतले आणि सौ.ने पहिल्याच वसंतात मागच्या अंगणात मेथी-पालक पेरण्याचा बेत जाहीर केला. शेजारच्या डच आजी कुंपणावरून म्हणाल्या, "आधी मातीत चुना घाला हो." चुना कशाला, हे शोधता शोधता मी शंभर वर्षे मागे गेलो.

हा केम्पेनचा भाग मुळात रेताड आणि आम्लधर्मी मातीचा. १८९२ साली डोर बंधूंनी बुडेलजवळच्या ओसाड माळावर जस्ताचा कारखाना काढला. भट्ट्यांच्या धुराबरोबर जस्त आणि कॅडमियम आसपास पसरले. उरलेली राख रस्त्यांवर खडीसारखी घातली गेली. १९७३ मध्ये विजेच्या साहाय्याने जस्त काढण्याची पद्धत आली, भट्ट्या गेल्या. माती मात्र काही विसरली नाही. आम्ल मातीत हे धातू विरघळून मुळांपर्यंत पोचतात. चुन्याने आम्लता उतरली की बरेचसे मातीच्या कणांना चिकटून राहतात.

अशा मातीत पुष्कळ झाडे खुरटतात. पण ॲग्रोस्टिस नावाचे साधे गवत तग धरते. त्याच्या असंख्य बियांत थोड्या जन्मजात सोशिक असतात. बाकीच्या मरतात आणि या थोड्यांचा वंश वाढतो. काही दशकांत हे घडते. १९९० साली पलीकडे बेल्जियममधील लोमेल येथे तीन हेक्टर उजाड जमिनीत धातू धरून ठेवणारे खनिज मिसळून असेच सोशिक गवत पेरले, आणि जमीन हिरवी झाली.

हा सोशिकपणा म्हणजे काय? वनस्पती विष नाहीसे करीत नाही, ते बांधून ठेवते. कॅडमियमला जखडणारी फायटोकेलॅटिन नावाची द्रव्ये १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी ओळखली. जखडलेला धातू पेशीतल्या एका कोठीत बंद होतो, आणि झाड सुखाने वाढते.

इथेच मी थबकलो. पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात आणि तरीही टवटवीत दिसतात. झाडाला सोसेल तेवढे आपल्या मूत्रपिंडांना सोसतेच असे नाही. आपल्याकडे भाजी हिरवीगार दिसली की चांगली म्हणून घ्यायची सवय. त्या सवयीचा इथे उपयोग नाही.

आम्ही चुना घातला. त्या वाफ्यात आता फुलझाडे आहेत. मेथी मात्र विकतच्या मातीत, कुंड्यांमध्ये येते. आजींना पहिली जुडी नेऊन दिली, तेव्हा त्यांनी आधी विचारले, "कुंडीतलीच ना?"