जपानमधील गोल्फ क्लबांचे सभासदत्व आणि त्याचे मोल

कोणत्या गोल्फ क्लबाचे सभासदत्व विकत घेणे श्रेयस्कर, हा प्रश्न वरवर पाहता सुखवस्तू माणसाच्या खाजगी आवडीनिवडीचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही दिसत नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये हा प्रश्न खाजगी राहिला नाही. तेथे सभासदत्व ही दलालांमार्फत विकली जाणारी, बँकांकडे तारण ठेवली जाणारी आणि वृत्तपत्रांतून जिचे भाव छापले जात अशी एक मालमत्ता बनली. लक्षावधी लोकांनी आणि कंपन्यांनी त्या मालमत्तेत पैसा गुंतविला आणि त्यांपैकी बहुतेकांचा पैसा बुडाला. ही घटना केवळ लोभाची कथा म्हणून सांगितली जाते. पण तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. खरीददार नेमके काय विकत घेत होते, ह्याचा विचार केल्यावरच त्यांचा निर्णय कोठे चुकला हे ध्यानात येते.

जपानमध्ये गोल्फचा प्रवेश परदेशी व्यापाऱ्यांच्या द्वारा झाला. कोबे येथे स्थायिक झालेला इंग्रज व्यापारी आर्थर ग्रूम ह्याने १९०१ साली रोक्को डोंगरावर चार होलांचे छोटे मैदान तयार केले आणि १९०३ साली त्यातून कोबे गोल्फ क्लब उभा राहिला. जपानी लोकांनी स्वतःसाठी स्थापन केलेला पहिला क्लब म्हणजे तोक्यो गोल्फ क्लब होय. १९१३ साली स्थापन झालेल्या ह्या क्लबाचे कोमाझावा येथील मैदान पुढच्या वर्षी खुले झाले. त्याच्या संस्थापकांत अग्रेसर असलेले इनोउए जुन्नोसुके हे पेढीव्यवसायातील गृहस्थ होते. पुढे ते बँक ऑफ जपानचे गव्हर्नर आणि अर्थमंत्री झाले व १९३२ साली त्यांची हत्या झाली. ह्या आरंभीच्या क्लबांत सभासदत्वाचा मुख्य आधार परिचय आणि शिफारस हा होता. पैसा द्यावा लागे, परंतु पैसा दिला म्हणून प्रवेश मिळे असे नव्हे. सभासदत्वाचे मोल त्या मंडळींच्या सहवासात होते, आणि ते मोल कागदावर मांडून दुसऱ्याच्या हवाली करण्याजोगे नव्हते.

युद्धोत्तर काळात ही स्थिती पालटली. १९५७ साली सैतामा प्रांतातील कासुमिगासेकी क्लबाच्या मैदानावर कॅनडा चषकाचे सामने झाले. त्यांत नाकामुरा तोराकिची ह्यांनी वैयक्तिक विजेतेपद मिळविले आणि ओनो कोइची ह्यांच्या साथीने जपानच्या संघाने जगातील नामांकित संघांना मागे टाकले. दूरचित्रवाणीच्या द्वारा हे यश घरोघरी पोचले. त्या सुमारास साऱ्या देशात गोल्फची मैदाने सव्वाशेच्या आसपास होती. शतक संपता संपता ती संख्या २,४०० च्या घरात गेली. ह्या वाढीला केवळ खेळाची आवड कारणीभूत नव्हती. ग्राहकांचे व अधिकाऱ्यांचे आतिथ्य मैदानावर करण्याची कंपन्यांची प्रथा वाढत होती, आणि त्यासाठी कंपनीच्या नावे सभासदत्व असणे हे प्रतिष्ठेचे व सोयीचेही ठरत होते.

मैदान उभारण्याचा खर्च मात्र फार मोठा होता. जपानची सुमारे दोन तृतीयांश भूमी वनाच्छादित आणि बहुतांशी डोंगराळ आहे. टेकड्या फोडून, दऱ्या भरून अठरा होलांची सपाटी निर्माण करावयाची, तर भांडवल हवे. आणि हे भांडवल कर्जाऊ घेतले तर व्याजाचा बोजा पडणार. ह्या अडचणीतून जो मार्ग निघाला तो अनामत ठेवीचा. प्रवर्तक कंपनी भावी सभासदांकडून ठेव घेई. ठरावीक मुदतीनंतर, बहुधा दहा वर्षांनी, सभासदाने मागितल्यास ती परत करण्याचे वचन देई. आणि दरम्यानच्या काळात त्या ठेवीवर व्याज देत नसे. व्याजाऐवजी सभासदाला कमी शुल्कात व अग्रक्रमाने खेळण्याचा हक्क मिळे. कंपनीला बिनव्याजी भांडवल आणि सभासदाला मैदान, असा हा सौदा होता. त्यात मुळात अनुचित असे काहीच नव्हते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘सभासदत्व’ ह्या एकाच नावाखाली जपानमध्ये निदान तीन भिन्न गोष्टी प्रचलित होत्या. काही जुने क्लब सार्वजनिक स्वरूपाच्या नोंदणीकृत संस्था होत्या. तेथील सभासद हा संस्थेचा घटक असे. काही क्लबांत सभासद हा मैदानाच्या मालक कंपनीचा भागधारक असे. जमिनीवर त्याचा अप्रत्यक्ष का होईना, वाटा असे. बहुसंख्य क्लब मात्र अनामत ठेवीच्या पद्धतीचे होते. तेथील सभासद मालकही नव्हता आणि संस्थेचा घटकही नव्हता. तो कंपनीचा धनको होता, आणि तोही कसलेही तारण हाती नसलेला. खेळण्याचा हक्क, ठेव परत मागण्याचा हक्क आणि वार्षिक वर्गणी देण्याचे बंधन, एवढाच त्याचा करार होता.

मराठी मुलखातील मिरासदार आणि उपरी ह्यांतील भेद ज्यांस परिचित आहे, त्यांस ही बाब सहज उमजेल. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेने चाले आणि विकताही येई. परंतु त्या हक्काच्या बुडाशी जमीन असे. अनामत ठेवीच्या सभासदाला आपला हक्क मिरासीसारखा भासत होता, कारण तोही विकता येत होता. वस्तुतः त्याच्या बुडाशी कंपनीच्या शब्दापलीकडे काही नव्हते. हुंडीची किंमत ती लिहिणाऱ्याच्या पतीवर ठरते; येथे कागद घेणाऱ्यांनी लिहिणाऱ्याची पत क्वचितच तपासली.

ती तपासण्याची गरज भासली नाही, ह्याचे कारण बाजारात सापडते. सभासदत्व दलालांमार्फत दुसऱ्यास विकता येई. नवीन खरीददाराला क्लबाच्या मंडळाची संमती मिळवावी लागे आणि नाव बदलण्याचे शुल्क भरावे लागे. परंतु बहुतेक नव्या क्लबांत ही संमती औपचारिक स्वरूपाची होती. भाव चढत असल्यामुळे मुदत संपली तरी कोणी ठेव परत मागत नसे. समजा, मूळ ठेव २० लाख येनांची आहे आणि बाजारात त्याच सभासदत्वाला २ कोटी येन मिळतात. अशा वेळी कंपनीकडे २० लाख मागण्यास कोण जाईल? म्हणून कंपनीनेही ठेवीची रक्कम बाजूला काढून ठेवली नाही. ती मैदानात आणि पुढच्या मैदानाच्या जमिनीत गेली. ह्या व्यवस्थेतील दोष असा की, बाजारभाव आणि ठेव ह्यांतील १ कोटी ८० लाख येनांच्या फरकाबद्दल जगात कोणीही उत्तरदायी नव्हते. तो फरक पुढच्या खरीददाराच्या आशेवर उभा होता. उलट भाव ठेवीच्या खाली गेला की प्रत्येक सभासदाचे हित ठेव मागण्यातच असणार, आणि सर्व जण एकाच वेळी मागणार. जी ठेव खरीददाराला सुरक्षिततेची हमी वाटत होती ती सुबत्तेत निरुपयोगी आणि संकटात अप्राप्य होती.

१९८० नंतरच्या दशकात ह्या बाजाराने अभूतपूर्व उंची गाठली. १९८२ पासून निक्केई वृत्तसंस्थेकडून गोल्फ सभासदत्वाच्या भावांचा स्वतंत्र निर्देशांक काढला जाऊ लागला. शेअरांप्रमाणे त्याचीही चढउतार लोक पाहू लागले. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य वाढले. निर्यातीला बसणारा धक्का सौम्य करण्यासाठी बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवीत फेब्रुवारी १९८७ मध्ये २.५ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी विश्रामस्थळांच्या विकासाला उत्तेजन देणारा कायदा संमत झाला आणि डोंगराळ प्रांतांत नव्या मैदानांची योजना करण्यास राजमान्यता मिळाली. स्वस्त पैसा, चढती जमीन आणि सरकारी प्रोत्साहन ह्यांच्या संगमात तोक्योनजीकच्या कोगानेई क्लबाच्या सभासदत्वाचा भाव ३० कोटी येनांपलीकडे गेला. बँका सभासदत्वाच्या तारणावर कर्जे देऊ लागल्या. १९९० साली एका जपानी व्यावसायिकाने कॅलिफोर्नियातील पेबल बीच हे विख्यात मैदान सुमारे ८४ कोटी डॉलरांस घेतले. त्यामागे खाजगी सभासदत्वे विकून रक्कम वसूल करण्याचाच हिशेब होता. कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने त्यास संमती दिली नाही, आणि १९९२ साली ते मैदान सुमारे ५० कोटी डॉलरांस विकावे लागले. ठेवीच्या पद्धतीचा आधार ज्या देशात नव्हता तेथे तो हिशेब जुळला नाही, हे सूचक आहे.

ह्या पद्धतीतील सर्वांत उघड दोष इबाराकी प्रांतातील प्रकरणाने लोकांसमोर आणला. इबाराकी कंट्री क्लबाच्या नियोजित मैदानासाठी २,८३० सभासद घेण्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ५०,००० हून अधिक लोकांना सभासदत्वे विकली गेली आणि सुमारे १०,००० कोटी येन गोळा झाले. ह्या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने कळतो. अठरा होलांच्या मैदानावर एका दिवसात अंदाजे दोनशे माणसे खेळू शकतात असे धरले, तर २,८३० सभासदांपैकी प्रत्येकाची पाळी चौदा-पंधरा दिवसांनी येईल. ५०,००० सभासदांत ती अडीचशे दिवसांनी येईल. अर्थात खेळण्याच्या दृष्टीने हे सभासदत्व जवळजवळ शून्य मोलाचे होते. परंतु सभासदांचा खरा आकडा खरीददाराला कळण्याची सोयच नव्हती. १९९२ साली गोल्फ सभासदत्वाच्या करारांचे नियमन करणारा कायदा झाला व पुढील वर्षी तो अमलात आला. मैदान खुले होण्यापूर्वी सभासद जमविण्यावर त्याने निर्बंध घातले, विक्रेत्याने लेखी माहिती देणे बंधनकारक केले आणि खरीददाराला आठ दिवसांत करार मोडण्याची मुभा दिली. पण तोपर्यंत बाजार कोसळू लागला होता.

१९८९ च्या अखेरीस शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला आणि तेथून घसरला; सभासदत्वांचे भाव त्याच्या मागोमाग उतरले. खरे संकट मात्र त्यानंतर काही वर्षांनी आले. तेजीच्या अखेरच्या वर्षांत घेतलेल्या ठेवींची दहा वर्षांची मुदत १९९८ च्या सुमारास पुरी होऊ लागली. बाजारभाव ठेवीच्या कितीतरी खाली होता. साहजिकच परतफेडीच्या मागण्यांचा लोंढा आला. अनेक क्लबांच्या मंडळांनी मुदत वाढविण्याचे ठराव केले. परंतु सभासदाच्या व्यक्तिशः संमतीवाचून अशी मुदतवाढ त्याच्यावर बंधनकारक होत नाही, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सांगून ठेवले होते. न्याय सभासदाच्या बाजूने होता, पण तिजोरी रिकामी होती. एप्रिल २००० मध्ये दिवाणी पुनर्वसनाचा नवा कायदा अमलात आल्यावर कितीतरी गोल्फ कंपन्यांनी त्याचा आश्रय घेतला. अनेक ठिकाणी ठेवीचा अल्पसा अंश तेवढा सभासदांच्या हाती पडला. खेळण्याचा हक्क मात्र बहुधा राखण्यात आला. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार ह्या अमेरिकी गुंतवणूकदारांनी अशी मैदाने मोठ्या संख्येने स्वस्तात घेतली. २०१४ च्या एप्रिलपासून सभासदत्वाच्या विक्रीतील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्याची सवलतही बंद झाली. सभासदत्व हे संपत्तीचे साधन होय, ह्या समजुतीचा शेवटचा कायदेशीर आधार त्याबरोबर गेला.

ह्या सर्व वृत्तान्तावरून खरीददार अविचारी होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अनेक वर्षे चढणाऱ्या भावाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. बँका, दलाल आणि शासन ह्यांपैकी कोणीही त्या अनुभवास विरोधी असे काही सांगत नव्हते. त्यांची चूक निराळी होती. सभासदत्वात तीन मूल्ये एकत्र नांदत होती : खेळण्याचा उपयोग, सहवासाची प्रतिष्ठा आणि परतफेडीचा हक्क. त्या तिघांची परीक्षा वेगवेगळ्या प्रश्नांनी करावी लागते. उपयोगासाठी मैदानावर सभासद किती आहेत आणि ते घरापासून किती दूर आहे हे विचारावे लागते. परतफेडीसाठी कंपनीवर कर्ज किती आणि जमीन कोणाची हे पाहावे लागते. सहवास तर विकत घेता येतच नाही. कासुमिगासेकी क्लब ह्याचे चांगले उदाहरण आहे : तेथे स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते, आणि तोक्यो ऑलिंपिकचे गोल्फ सामने तेथे व्हावयाचे असल्यामुळे बाहेरून दडपण आल्यावर, २०१७ साली, तो नियम बदलला. कितीही येन मोजले तरी तोपर्यंत त्या दारातून एखाद्या स्त्रीला पूर्ण सभासद म्हणून आत जाता येत नव्हते. बाजाराने ही तिन्ही मूल्ये एका आकड्यात मिसळली, आणि तो आकडा चढत असेपर्यंत ती वेगळी करून पाहण्याचे कारण कोणास उरले नाही.

संकट ओसरल्यावर जे शिल्लक राहिले ते ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्यांनी पुढे विकण्यासाठी सभासदत्व घेतले होते त्यांच्या हाती कागद राहिला. ज्यांनी घराजवळचे, मोजक्या सभासदांचे मैदान खेळण्यासाठी घेतले होते त्यांचीही ठेव बुडाली असेल. परंतु रविवारी सकाळी खेळण्याची त्यांची पाळी चुकली नाही. करारातील जो हक्क सर्वांत क्षुल्लक समजला गेला होता, तोच दिवाळखोरीच्या न्यायालयातून बहुधा अभंग बाहेर पडला.