अमडापूरहून थरच्या वाळवंटात : मार्गदर्शकासह सहल कशी निवडावी आणि कशी आखावी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरहून (ता. चिखली) थरचे वाळवंट पाहायला जायचे, तर प्रवासाचे दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा गावापासून जैसलमेर किंवा जोधपूरसारख्या शहरापर्यंतचा आणि दुसरा त्या शहरापासून वाळूच्या टेकड्यांपर्यंतचा. पहिला टप्पा लांबचा असला तरी त्याचे तिकीट, वेळ आणि भाडे आधीच कळते. दुसरा टप्पा जेमतेम ४०-५० किलोमीटरचा असतो, पण फसगत, वाढीव खर्च आणि तब्येतीच्या तक्रारी यांची शक्यता तिथेच जास्त. ‘वाळवंट सफारी’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. म्हणून आधी दर विचारण्याऐवजी त्या दरात नेमके काय मिळणार, हे ठरवून घ्यावे लागते.

वाळवंटाला जवळचे शहर कोणते?

*जैसलमेर :* वाळूच्या टेकड्या, तंबूतला मुक्काम आणि उंटाची सवारी यासाठी सर्वाधिक पर्याय इथे आहेत. सम इथल्या टेकड्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटर पश्चिमेला, तर खुरी गाव सुमारे ४५ ते ५० किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. ११५६ मध्ये रावल जैसल यांनी वसवलेला इथला किल्ला २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आजही त्यात लोक राहतात.

*जोधपूर :* शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर ओसियां गाव आहे. तिथे जुनी मंदिरे आहेत आणि गावाबाहेर वाळूच्या टेकड्याही. ज्यांना जैसलमेरपर्यंतचा आणखी पाच तासांचा प्रवास झेपणार नाही, त्यांना हा चांगला पर्याय आहे.

*भूज :* कच्छचे पांढरे रण इथून सुमारे ८० किलोमीटरवर, धोरडोजवळ आहे. ते मिठाचे सपाट वाळवंट आहे, तिथे वाळूच्या टेकड्या नाहीत. रणात जाण्यासाठी परवाना काढावा लागतो. पावसाळ्यानंतर रणातले पाणी आटून मीठ दिसू लागायला वेळ लागत असल्याने दिवाळीच्या आसपास गेल्यास निराशा होऊ शकते.

कधी जावे?

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ योग्य. महाराष्ट्रातली कुटुंबे सुट्टी पाहून सहल ठरवतात, पण मे महिन्याची सुट्टी या सहलीसाठी टाळलेलीच बरी. विदर्भातल्या माणसाला ४४-४५ अंशांची सवय असते, मात्र ती सावलीतली आणि पाणी हाताशी असतानाची. उघड्या वाळूवर दोन्ही नसते. जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदी इथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते.

दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत हवा चांगली असते, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. शाळकरी मुले सोबत नसतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो. तो पाहायचा नसेल तर ते दिवस सोडून जाणे स्वस्त पडते.

डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन जाणवते, तर रात्री पारा एक आकडी होतो. वाळू उन्हाने लवकर तापते आणि तितक्याच लवकर थंड होते. तंबूत राहायचे असेल तर स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

सम की खुरी?

सम इथे तंबूंच्या वसाहती रांगेने आहेत. संध्याकाळी उंट, जीप, गाणी आणि माणसे यांची जत्राच असते. मुलांना, मोठ्या गटांना आणि पक्क्या न्हाणीघराची सोय हवी असणाऱ्यांना सम सोयीचे. खुरी तुलनेने शांत. तिथे गावातल्या घरगुती निवासातही राहता येते, पण सोयी साध्या असतात.

‘वाळवंटातली शांतता’ अनुभवायला निघालेला माणूस सममध्ये उतरला, तर मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक ऐकून वैतागतो. उलट, धमाल हवी असलेल्या तरुणांना खुरीत आठ वाजताच झोप येते. दोन्ही ठिकाणे आपापल्या जागी चांगली आहेत. घोटाळा होतो तो न विचारता बुकिंग केल्याने.

हा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कच्या आसपासचा आहे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र माळढोकाच्या शेवटच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. महाराष्ट्रात सोलापूरजवळच्या नान्नजमुळे ओळखीचा असलेला हा पक्षी राजस्थानात ‘गोडावण’ म्हणून ओळखला जातो आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. पक्षी पाहायचे असतील तर तसे सांगून वेगळा मार्गदर्शक घ्यावा. सूर्यास्ताची सफारी विकणाऱ्याला पक्ष्यांची माहिती असेलच असे नाही.

गावाकडून पॅकेज घ्यावे की तिथे जाऊन ठरवावे?

*चिखली, बुलढाणा, अकोला इथल्या टूरवाल्याकडून संपूर्ण पॅकेज :* ज्येष्ठ मंडळी असतील, गट पंधरा-वीस जणांचा असेल किंवा कोणालाच हिंदी बोलण्याची सवय नसेल, तर हा पर्याय सुखाचा. अडचण इतकीच की टूरवाला तंबूचा मालक नसतो. तो जैसलमेरच्या एखाद्या कॅम्पकडे गट सोपवतो. म्हणून कॅम्पचे नाव आणि ठिकाण आधी मागावे. ‘तिथे गेल्यावर बघू’ असे उत्तर मिळाले तर दुसरा टूरवाला शोधावा.

*रेल्वे आणि हॉटेल स्वतः, वाळवंटाची सहल जैसलमेरहून :* चार-सहा जणांच्या कुटुंबाला हे स्वस्त आणि मोकळे पडते. सहल आदल्या दिवशी तिथे पोहोचून ठरवता येते. मात्र स्टेशनवर, बसथांब्यावर किंवा किल्ल्याच्या दारात गाठणाऱ्या दलालांपासून जपावे. राजस्थानात त्यांना ‘लपका’ म्हणतात. फार स्वस्त खोली देऊन नंतर ‘सफारी आमच्याकडूनच घ्या’ असा आग्रह धरणे, ही त्यातली नेहमीची चाल. खोली घेतानाच सफारीची सक्ती नाही ना, हे विचारून घ्यावे.

मार्गदर्शक घेताना पर्यटन विभागाचे ओळखपत्र पाहावे. किल्ला दाखवणारा गाइड, गाडीचा चालक आणि उंटवाला या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. ‘गाइडसह’ असे लिहिले असेल तर यांपैकी कोण, हे विचारलेले बरे.

ॲडव्हान्स देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

या प्रश्नांची उत्तरे फोनवर न घेता व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावीत.

१. कॅम्प सममध्ये, खुरीत की वाटेवर? अनेक कॅम्प रस्त्याकडेच्या सपाट जागेत असतात आणि टेकड्या तिथून दूर असतात. नकाशावरचे ठिकाण मागवावे.

२. उंटाची सवारी किती वेळ? काही जण वीस मिनिटांची फेरी देतात, काही दीड-दोन तासांची. एका उंटावर एक जण की दोन?

३. जीपची फेरी दरात धरली आहे की वेगळी? जीपमध्ये किती जण बसवणार?

४. जैसलमेरहून नेणे आणि परत आणणे दरात आहे का?

५. जेवणात काय, किती वेळा? चहा-नाश्ता आणि पिण्याचे पाणी वेगळे का?

६. तंबूला स्वतंत्र न्हाणीघर, गरम पाणी आणि पुरेशी पांघरुणे आहेत का?

७. जीएसटी धरून दर किती? मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत वेगळा?

८. रद्द केल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत?

दोन-तीन ठिकाणांची उत्तरे शेजारी ठेवली की स्वस्त दिसणारा दर अनेकदा महाग निघतो. जीप, गाडी आणि पाणी वेगळे मोजल्यावर माणशी खर्च किती होतो, तो खरा दर. ॲडव्हान्स थोडाच द्यावा, तो बँक किंवा यूपीआयने द्यावा आणि पावती जपून ठेवावी.

उंट, जीप आणि तब्येत

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे कलंडतो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही झटका पुढेच बसतो. दोन्ही वेळा मागे रेलून खोगिराची मूठ घट्ट धरावी. पडण्याचे प्रसंग बहुधा याच दोन क्षणी येतात. गरोदर स्त्रिया आणि कंबर, मणका किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी उंटावर बसू नये. त्यांच्यासाठी उंटगाडी असते, ती आधी सांगून ठेवावी.

उंटाच्या नाकाशी किंवा खोगिराखाली जखमा दिसल्या, तो लंगडत असला, तर दुसरा उंट मागावा. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला.

जीपची फेरी थरारासाठी असते. चालक तीव्र उतारावरून गाडी उतरवतो आणि पर्यटक उघड्या जीपमध्ये उभे राहतात. लहान मुलांना उभे करू नये. हृदयविकार, पाठदुखी असलेल्यांनी ही फेरी टाळावी. ‘हळू चालवा’ हे निघण्याआधी सांगावे.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा नेऊन हाताशी ठेवाव्यात. कॅम्पवर औषधाचे दुकान नसते आणि मोठ्या दवाखान्यासाठी जैसलमेरलाच यावे लागते. म्हणून रात्री कॅम्पवर गाडी उपलब्ध असते का, हा प्रश्न ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी जरूर विचारावा.

आठ दिवसांचा आराखडा

विदर्भातून सुरतमार्गे अहमदाबादकडे जाणाऱ्या गाड्या अकोला-शेगाव-मलकापूर मार्गाने धावतात. अमडापूरकरांना खामगावमार्गे शेगाव गाठणे सोयीचे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी सुरू होते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट हाती आल्यावरच कॅम्पचा ॲडव्हान्स द्यावा.

- दिवस १ : अमडापूरहून शेगाव, पुढे रेल्वेने अहमदाबाद.
- दिवस २ : अहमदाबादहून जोधपूर. मुक्काम.
- दिवस ३ : सकाळी मेहरानगड. दुपारी जैसलमेरकडे, रस्त्याने सुमारे पाच तास.
- दिवस ४ : जैसलमेरचा किल्ला, पटवा हवेल्या, गडीसर तलाव. मुक्काम शहरातच.
- दिवस ५ : दुपारी कुलधरा हे ओसाड गाव पाहून वाळूकडे. रात्र तंबूत.
- दिवस ६ : सूर्योदय पाहून जैसलमेर. संध्याकाळी परतीचा प्रवास सुरू.
- दिवस ७ आणि ८ : अहमदाबादमार्गे शेगाव आणि गाव.

डिसेंबरात तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शहरातून निघायला चार वाजले की उंटावर बसेपर्यंत अंधार पडतो, म्हणून दुपारी उशिरात उशिरा तीनला निघावे. सकाळ मात्र विदर्भापेक्षा उशिरा होते. सूर्योदय सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान असतो.

दिवस ४ मोकळा ठेवण्याला कारण आहे. गाडी उशिरा आली किंवा कोणी आजारी पडले, तरी वाळवंटाची रात्र बुडत नाही.

ठरल्याप्रमाणे मिळाले नाही तर?

तक्रार त्याच वेळी, फोटो काढून आणि लेखी करावी. भांडण वाढवण्यापेक्षा कॅम्पच्या व्यवस्थापकाला जुना लेखी संदेश दाखवला, तर बरेच प्रश्न तिथेच सुटतात. जैसलमेरमध्ये पर्यटकांना मदत करणारे पर्यटक सहायता दलही आहे.

तिथे दाद लागली नाही, तरी गावी परतून मार्ग उरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. म्हणजे सेवा जैसलमेरची असली तरी अमडापूरच्या ग्राहकाला बुलढाणा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी पावती आणि कबूल केलेल्या गोष्टींचा लेखी पुरावा लागतो. वरचे आठ प्रश्न फोनवर न विचारता लेखी विचारायचे ते यासाठीच.