जंतू वाढवायचा की त्याची खूण शोधायची?

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले. त्याच्या नऊच वर्षे आधी, 1885 मध्ये, विल्यम ऑस्लर यांनी लंडनमधील व्याख्यानांत हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गाचे सविस्तर वर्णन केले होते. हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्तात शिरलेले जंतू आधीच बिघडलेल्या झडपेवर घर करतात. लहानपणी घसा धरल्यावर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेले रुग्ण आपल्याकडे आजही आढळतात.

हा जंतू ओळखायचा कसा? रुग्णाचे रक्त पोषक द्रवात उबेला ठेवून जंतू वाढवायचे, म्हणजेच ब्लड कल्चर. न्यूयॉर्कचे इमॅन्युएल लिबमन या तंत्राचे जाणकार होते. 1911 मध्ये त्यांच्या सहकाऱ्याने संगीतकार गुस्टाव्ह मालर यांचे रक्त काढले. चार-पाच दिवसांत बशीवर स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या वसाहती दिसल्या. निदान अचूक झाले. पण पेनिसिलिन अजून यायचे होते. त्याच वर्षी 18 मे रोजी मालर वारले.

आज औषधे आहेत, पण अडचण उलटी झाली आहे. ताप आला की रक्त तपासण्याआधीच प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या पोटात जातात. जंतू अर्धमेले होतात आणि कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. दुसरे कारण गोठ्यात सापडते. माण, खटाव, आटपाडी, जत हा मेंढपाळांचा आणि खिलार जनावरांचा मुलूख. जनावरांकडून माणसात येणारा कॉक्सिएला नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही, तर ब्रुसेला सावकाश वाढतो.

येथे रेणवीय तपासणी उपयोगी पडते. कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचलेल्या पीसीआर तंत्राने डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढता येतात. सर्व जीवाणूंत असणारे 16एस हे सुमारे 1500 अक्षरांचे जनुक वाचले की जंतूचे नाव कळते. शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेवर ही तपासणी विशेष चांगली चालते. 2023 च्या सुधारित ड्यूक निकषांत तिला स्थान मिळाले आहे.

मग कल्चर बाद झाले काय? मुळीच नाही. रक्तात जंतू विरळ असतात, म्हणून नुसत्या रक्तावर पीसीआर पुष्कळदा चुकते. मेलेल्या जंतूचा डीएनएही झडपेत बराच काळ टिकतो. तेव्हा जंतू जिवंत आहे की नाही, हे तिच्यावरून समजत नाही. कोणते औषध त्याला मारील, हे तर वाढवलेला जंतूच नीट सांगतो. म्हणून आम्ही या दोन तपासण्यांना प्रतिस्पर्धी न मानता जोडीदार मानतो.

शिक्षकांनी वर्गात दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. घसा दुखून ताप आला तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. आणि झडपेचा आजार असलेल्या माणसाचा ताप हटत नसेल, तर घरातली उरलेली प्रतिजैविके त्याला देऊ नयेत. आधी रक्त तपासणीला जाऊ द्यावे. या एका सबुरीने जीव वाचू शकतो.